हिंदुरावांचे पिवळे बाण

वजीर मोटरवाल्याने हिंदुराव खराडे यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याला वाटलं की उन्हाने आपलं डोकं फिरलंय. मे महिना होता. पिंपरीच्या आभाळात ढग औषधालासुद्धा नव्हता. पवना नदी इतकी आटली होती की तिच्यातली जलपर्णीसुद्धा कुणाकडे तरी घोटभर पाणी मागेल अशी दिसत होती. अशा भर दुपारी दुकानाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला आणि दुकानात अंधार झाला. उंचीला दाराएवढा, रुंदीला दारापेक्षा थोडा जास्तच. डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट, पायांत लोखंडी टोकाचे बूट, गळ्यात शिट्टी, एका हातात लाल रंगाचा डबा, आणि कमरेभोवती हवा भरलेली ट्रकची ट्यूब.

ट्यूब दारात अडकली. माणसाने पोट आत घेतलं, ट्यूबने घेतलं नाही. मग तो तिरका झाला, चौकटीवर रबर कर्रर्र वाजलं, आणि बाटलीचं बूच उडावं तसा तो आत उडाला तो थेट वजीरच्या टेबलावर. तांब्याच्या तारेची रिळं घरंगळत बाहेर गेली. त्यातलं एक पुढे दापोडीला सापडलं, असं वजीर आजही शपथेवर सांगतो.

"उंची किती तुमची?" माणसाने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"पाच फूट चार. का बरं?"

माणसाने ब्रश काढला आणि वजीरच्या डोक्यावरून, कॅलेंडरवरून, घड्याळाच्या काचेवरून भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ ओढली. मागे सरून एक डोळा मिटून रेघ सरळ आहे का पाहिलं. मग वजीरकडे फार कळवळ्याने पाहून म्हणाला, "मग तुमी गेलासा."

"कुठं गेलो?"

"वाहून."

आतल्या खोलीतून वजीरच्या आईचा, रहमतबींचा आवाज आला. त्यांचे पाय बरीच वर्षं निकामी होते, पण आवाज पायांच्या वाट्याचंही चालत असे. "वजीर, कोण आलंय रे? पाणीपट्टीवाला हाय का येडा हाय?"

"कळंना अजून, अम्मी."

"विचारून घे. येडा असला तर चहा दे. पाणीपट्टीवाला असला तर मी न्हाई म्हणून सांग."

हिंदुरावांनी त्या दिवशी दोन कप चहा घेतला.

हे हिंदुराव मूळचे कृष्णाकाठचे, सांगलीकडचे. भोसरीच्या एका कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर त्यांची जवानी गेली. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा कंपनीने त्यांना सुरक्षा समितीत टाकलं आणि तिथे त्यांना जन्माचं काम सापडलं. आग लागली तर कुठल्या दाराने जायचं, कुठे जमायचं, हजेरी कोणी घ्यायची, या सगळ्यावर त्यांचा इतका जीव जडला की घरात भाकरी करपली तरी ते सुमनताईंना हाताला धरून अंगणात नेत आणि तिथे त्यांची मोजणी करत. "एकच बायको आहे," सुमनताई म्हणत, "पण हे दर वेळी बोट दाखवून मोजतात."

निवृत्त झाल्यावर त्यांनी नदीकाठच्या म्हसोबा गल्लीत दोन खोल्या घेतल्या. मुलगा दिग्विजय चऱ्होलीत नव्या इमारतीत राहायचा. तिकडे या म्हणून मागे लागला होता. हिंदुराव म्हणाले, तिकडं काय काम हाय मला? इथे मात्र काम भरपूर होतं. गल्ली पवनेला अशी खेटून होती की नदीला नुसतं आळस देऊन हातपाय ताणावेसे वाटले तरी ते गल्लीत यायचे. अधूनमधून पाणी घरात शिरायचं, माणसं पलंगावर पलंग चढवायची, पाणी ओसरलं की चिखल काढायची, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणायची. पुढच्या वर्षी नदी त्यांच्याकडे बघायची.

वजीरचं तर पुराशी विचित्र नातं होतं. नदी चढली की आसपासच्या सगळ्या सोसायट्यांचे पंप बुडायचे, आणि ते भरायला, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळायला, वजीरकडे यायचे. "वजीरभाऊ, तुझी दिवाळी आली रे," असं शेजारचा रणजीत दर पावसाळ्यात ओरडायचा. हा रणजीत चाकणच्या एका कंपनीत कामाला होता. त्याची जीभ कधीच सुट्टीवर नसायची. पण त्या दिवाळीत वजीरचं स्वतःचं दुकानही बुडायचं, आणि दुकानामागच्या खोलीत न चालणारी आई होती. दर वेळी कोणीतरी तिला उचलून कुठेतरी ठेवायचं. कोण आणि कुठे, हे ज्या त्या वेळी ठरायचं.

हे ऐकून हिंदुरावांनी कप बशीत ठेवला.

"आमच्या घरात एक आंधळी आत्या हुती," ते म्हणाले. "कृष्णामाई चढली तवा आमी सगळी पळालो, वर माळावर. माझ्या बाला वाटलं, चुलत्यानं आणली. चुलत्याला वाटलं, माझ्या बानं आणली. मला वाटलं, मोठी माणसं हायेत, त्यांनी आणली असंल. वर जाऊन बसलो, कुणीतरी गूळ-शेंगा वाटल्या. तवा आत्याचा वाटा शिल्लक राहिला."

हिंदुरावांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि पुन्हा घातलं.

"म्हणून म्हणतो वजीरभाई, नाव ठरलेलं पायजे. तुमच्या आईला मी न्हेणार. खुर्चीला बांबू बांधू, म्होरची टोकं माझी, मागची तुमची. तिसऱ्याचं काम न्हाई. आन मदी सोडायचं न्हाई."

"मला इच्यारलं का कुणी?" आतून आवाज आला. "मी कुठं जाणार न्हाई, हवालदार. पाण्याला यायचं तर येऊ दे, चहा पाजीन."

त्या दिवसापासून हिंदुराव हवालदार झाले. शिट्टीमुळे ते नाव त्यांना शोभलंही.

मग गल्लीचे हाल सुरू झाले. हिंदुरावांनी कारखान्याच्या भंगारातून एक जुना भोंगा आणला, पाळी सुरू झाल्याची वर्दी देणारा. वजीरने तो पुन्हा भरला आणि वीज गेली तरी वाजावा म्हणून ट्रकच्या बॅटऱ्यांना जोडला. पहिल्यांदा तो थोडा वाजून थांबला, तर हिंदुरावांना ते अपमानकारक वाटलं. "झोपलेला माणूस कूस बदलतोय तंवर तुमचा भोंगा संपला की वो!" म्हणून वजीरने त्याला असा टायमर बसवला की एकदा बटण दाबलं की पूर्ण वाजूनच थांबणार, मध्ये बंद करता येणार नाही. वजीरच्या हातून झालेल्या कामांत हे काम सगळ्यात चोख झालं.

दुसरी गोष्ट पिवळ्या रंगाची. कारखान्याच्या फरशीवर जे पट्टे मारतात, ज्यांच्यावरून फोर्कलिफ्ट दिवसरात्र फिरली तरी टवका उडत नाही, तो दोन डबे मिसळून करायचा रंग. फरशीचं काम झाल्यावर उरलेला तो रंग हिंदुरावांनी साहेबांच्या पाया पडून आणला आणि गल्लीभर बाण काढले. प्रत्येक उंबऱ्यापासून एक बाण, सगळे बाण गल्लीच्या तोंडाशी म्हसोबाच्या दगडापर्यंत, आणि तिथून डावीकडे शाळेच्या मैदानाकडे. शाळा जवळ होती, गल्लीपेक्षा उंच होती, तिला वरचा मजला होता. म्हसोबाच्या उजवीकडे पुलाच्या रस्त्याचा चढ होता. तो लांबचा होता आणि खुर्ची वाहून न्यायला त्रासाचा. शाळा हे जमायचं ठिकाण. बाणांवर प्रत्येकी दोन हात रंग. "आपुन मेलो तरी ह्ये ऱ्हातील," हिंदुराव म्हणाले होते, आणि तेव्हा ते सगळ्यांना कौतुकाचं वाटलं होतं.

पहिल्या सरावाला रविवारी सकाळी भोंगा वाजला आणि गल्लीतली निम्मी पुरुषमंडळी डबा घेऊन कंपनीच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. भोंगा ऐकून जन्मभर जे केलं तेच त्यांनी केलं. रणजीत तर ओळखपत्र गळ्यात घालून गेला होता. बस येईना तेव्हा त्यांना रविवार आठवला.

दुसऱ्या सरावाला लोक शाळेत पोहोचले, पण कोणी भोपळा आणला, कोणी रेशनकार्डाऐवजी लग्नाचा अल्बम. हिंदुरावांनी नियम केला: आधी माणूस, मग कागद, मग गॅसचा सिलिंडर, मग बाकीचं. शिट्टी वाजली की थांबायचं नाही, भरभर पुढे. मैदानात रांगेत उभं राहायचं, हजेरी द्यायची, आणि हजेरी झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही. हजेरीनंतर वडापाव. हा शेवटचा नियम सुमनताईंनी घातला आणि खरं सांगायचं तर योजना त्यावरच चालली.

रहमतबींसाठी एका खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले. पहिल्यांदा त्यांनी खुर्चीत बसायला साफ नकार दिला. दुसऱ्यांदा बसल्या, पण डोळे मिटून. तिसऱ्यांदा सुरमा घालून, पानदान मांडीवर घेऊन तयारच होत्या.

"हवालदार, तुझा बांबू खाली जातोय. लग्नात माझी डोली यापेक्षा सरळ गेली हुती."

"तवा वजन किती हुतं तुमचं?"

"तवा उचलणारे मर्द हुते."

वजीर मागून हसत चालायचा. आईला उन्हात, रस्त्यावर, लोकांना शिव्या देत जाताना त्याने किती वर्षांनी पाहिलं होतं. त्या दिवसांत त्याला पावसाची भीती वाटत नव्हती. आईला न्यायला माणूस ठरलेला होता.

एक-दोन पावसाळे बरे गेले. गल्ली इतकी तयार झाली की भोंगा वाजला तर मुंगळ्यांसारखी रांगेत चालायची. लहान पोरं खेळतानासुद्धा बाणांवरून धावायची. दुसऱ्या वस्तीतले लोक बघायला यायचे. हिंदुराव त्यांना मापं समजावून सांगायचे आणि हेल्मेट रुमालाने पुसायचे.

मग शाळेपुढचा रस्ता झाला.

रस्ता झकास झाला, सिमेंटचा, रुंद, छातीएवढा उचललेला. शाळेशेजारून एक नाला वाहायचा. वरच्या वस्त्यांचं पावसाचं पाणी नदीत नेऊन सोडायचा. त्याला एका पाइपात घालून त्याच रस्त्याखाली गाडला. नारळ फुटला, पेढे वाटले. हिंदुरावांनीही पेढा खाल्ला, आणि खाताखाता त्यांची नजर मैदानावर गेली. मग रस्त्यावर गेली. मग पाइपाच्या तोंडाकडे गेली, तिथे पहिल्याच दिवशी एक फाटकी गादी अडकली होती. उरलेला पेढा त्यांनी वजीरच्या हातावर ठेवला.

"वजीरभाई, ही परात झाली."

आणि दुसऱ्या दिवशी ते खरोखर परात घेऊनच महापालिकेच्या त्या भागाच्या कार्यालयात गेले. वजीरला बरोबर नेलं, परात धरायला. तिथे मैत्री नावाची तरुण अभियंता होती. तिच्या टेबलावर हिंदुरावांनी परात ठेवली. परातीचा काठ म्हणजे रस्ता, मधला खळगा म्हणजे शाळेचं मैदान, आणि काठाला भोक पाडून त्यात घातलेली शहाळ्याची नळी म्हणजे नाला. "आता वरनं पाऊस," असं म्हणून त्यांनी तांब्या ओतला. नळीतून एक बारीक धार टेबलाखाली गेली आणि बाकीचा पाऊस काठावरून तिच्या कागदांवर.

मैत्रीने कागद उचलून झटकले. रागावली नाही. उलट परातीकडे बघतच राहिली.

"काका, तुमचं बरोबर आहे. मीही हेच लिहून दिलं होतं. पाइप मोठा हवा होता."

"मग?"

"रस्ता एका खात्याचा, नाला दुसऱ्या खात्याचा. आणि नकाशावर तिथे आता नाला नाही."

"पावसाला दावा की मग नकाशा!"

"दाखवला असता, काका," ती म्हणाली, आणि तिचाच चेहरा असा झाला की हिंदुरावांनी आपल्या रुमालाने तिचं टेबल पुसून दिलं. निघताना तिने पाइपाच्या तोंडाची गादी काढायला माणूस पाठवते म्हणून सांगितलं. तिने पाठवलाही. पुढच्या आठवड्यात तिथे सोफा अडकला.

जमायचं ठिकाण बदलायला हवं होतं. आता शाळा नको, उजवीकडचा चढ, पुलाचा रस्ता. हिंदुराव घरोघर सांगत फिरले. घरोघर चहा मिळाला आणि घरोघर माना हलल्या. "व्हय दादा, उजवीकडं. लक्षात हाय." रणजीत म्हणाला, "दादा, मोठ्या मुश्किलीनं एक वाट पाठ केली, आता सिलॅबस बदलता होय?" आणि स्वतःच्या विनोदावर इतका हसला की वाट कुठली ते विचारायचं राहिलं.

खरी अडचण बाणांची होती. हिंदुरावांनी ते घासून पाहिले, रॉकेलने पुसून पाहिले, तारेच्या ब्रशने खरवडले. ब्रश झिजला. जो रंग फोर्कलिफ्टला दाद देत नाही तो हिंदुरावांना काय देणार? पुन्हा तोच रंग आणून वरून मारावा म्हटलं, तर कारखाना एव्हाना चाकणला गेला होता आणि ओळखीचे साहेब गुजरातला. शेवटी बाजारातून साधा काळा ऑइलपेंट आणला, सगळे पिवळे बाण झाकले, आणि पांढऱ्या रंगाने उजवीकडे जाणारे नवे काढले. गल्ली पुन्हा देखणी दिसू लागली.

आता फक्त एक सराव हवा होता. हिंदुरावांचा त्यावर फार भरवसा होता. माणसाच्या डोक्यात गेलेलं विसरतं, पायात गेलेलं विसरत नाही, असं ते म्हणायचे. जूनच्या पहिल्या रविवारी सराव ठरला, तर चाकणच्या कंपन्यांनी ओव्हरटाइम लावला. गल्लीत बायका आणि म्हातारे उरले. पुढच्या रविवारी अर्ध्या गल्लीचं देहूला लग्न होतं. त्यानंतर पाऊस लागला, आणि पावसाने सगळ्यात आधी काळा ऑइलपेंट धुतला. पोपडे निघून गटारात गेले. पांढरे बाण तर दोन सरींत दिसेनासे झाले. खालून पिवळे बाण वर आले, न्हाऊन निघाल्यासारखे लख्ख.

हिंदुराव छत्री धरून त्यांच्याकडे बघत उभे होते. वजीरला ते अजून आठवतं. छत्री बाणावर धरलेली होती, हिंदुराव भिजत होते.

जुलैत एका सकाळी फोनवर निरोप आला की वरून धरणातून पाणी सोडलंय, काठच्या लोकांनी सावध राहावं. पाऊस तर तीन दिवस घुमत होताच. शाळांना सुट्टी जाहीर झाली होती. हिंदुरावांनी वेळ घालवला नाही. पाणी अजून गल्लीच्या खालच्या पायरीवर होतं तेव्हाच त्यांनी भोंग्याचं बटण दाबलं, सुमनताईंना उजवीकडे पाठवलं आणि वजीरच्या दारात आले. कमरेला ट्यूब होतीच.

"चला, अम्मी."

"आज वडापाव हाय का?" रहमतबींनी विचारलं. मग हिंदुरावांचं तोंड पाहिलं आणि गप खुर्चीत बसल्या. पानदान विसरल्या.

गल्ली दारातून बाहेर पडत होती. काय सुरेख बाहेर पडत होती! आधी माणूस, मग कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग सिलिंडर खांद्यावर. धक्काबुक्की नाही, रडारड नाही. तिसऱ्या पाळीहून आलेले अर्धवट झोपेत होते, पण पाय बाणांवर बरोबर पडत होते. सगळ्यांच्या पुढे रणजीत. म्हसोबाच्या दगडापाशी रांग आली आणि पिवळ्या बाणांबरोबर सफाईने डावीकडे वळली.

"उजवीकडं!" हिंदुराव ओरडले. "आरं उजवीकडं! शाळेत न्हाई!"

भोंगा वाजत होता. वजीरने भरलेला, बॅटरीवरचा, मध्ये बंद न होणारा. त्याच्यापुढे हिंदुरावांचं तोंड नुसतं उघडताना आणि मिटताना दिसत होतं. दोघातिघांनी मागे वळून पाहिलं आणि हात हलवला, म्हणजे काळजी नको दादा, सगळं ठरल्याप्रमाणे आहे.

हिंदुरावांच्या दोन्ही हातांत बांबू. पाणी घोट्यांवरून पोटऱ्यांना लागलं होतं. मदी सोडायचं न्हाई, हे बोलणारा माणूस तोच होता.

"मला ठेव खाली, हवालदार," रहमतबी त्यांच्या कानापाशी ओरडल्या. "ठेव आन जा. त्यांना वळव."

हिंदुरावांनी मान वळवून वजीरकडे पाहिलं. वजीरने म्हणायला हवं होतं, जा. तो ते म्हणाला असता तर हिंदुराव कदाचित गेले असते. पण पाणी वाढत होतं, खुर्चीत आई होती, आणि एकट्याने ती उचलली जात नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने मागून बांबू जास्त घट्ट धरला, आणि तो घट्टपणा बांबूतून पुढे पोहोचला असावा.

"शिट्टी," हिंदुराव म्हणाले. "माझ्या तोंडात द्या, अम्मी."

रहमतबींनी वाकून दोरी ओढली आणि शिट्टी त्यांच्या दातांत दिली. भोंग्याच्या आवाजातूनही ती शिट्टी सुरीसारखी आरपार गेली. हिंदुरावांचा दम मोठा होता. ती रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेली, आणि शिट्टी वाजली की काय करायचं हे गल्लीला पाठ होतं. थांबायचं नाही, भरभर पुढे. रांग पळायला लागली.

हिंदुरावांनी शिट्टी तोंडातून पाडली. मग ते उजवीकडे वळले.

चढ चढून दोघं पुलाच्या रस्त्यावर आले. वर सुमनताई होत्या आणि मोजकी दोन-चार घरं, ज्यांना कसं कोण जाणे नवी वाट लक्षात राहिली होती. रहमतबी कोरड्या होत्या. पावसाने भिजल्या असतील तेवढंच. खुर्ची कठड्यापाशी ठेवली. तिथून शाळा स्वच्छ दिसत होती.

मैदानात लोक रांगेत उभे होते. रणजीत हजेरी घेत होता. एकेक हात वर होत होता. पाणी नदीकडून आलं नाही. ते मागून, वरच्या वस्त्यांकडून आलं, बुजलेल्या पाइपापाशी थबकलं आणि मैदानात पसरलं. घोट्याएवढं, गुडघ्याएवढं. आणि हजेरी झाल्याशिवाय कोणी हलायचं नव्हतं, म्हणून कोणी हललं नाही.

"हला की रं," हिंदुराव हळूच म्हणाले, जणू कोणी शेजारीच उभं होतं. "झाली हजेरी. हला."

हलले तेव्हा उशीर झाला होता. शाळेला सुट्टी, जिन्याच्या जाळीला कुलूप, किल्ली शिपाई दत्तोबाकडे आणि दत्तोबा माणला मुलीच्या घरी. तोवर नदीही रस्त्यावर चढली आणि परतायची वाट गेली. माणसं व्हरांड्यात बाकांवर चढली, पोरांना खांद्यावर घेतलं. शेवटी रणजीतने नियमाप्रमाणे आणलेला गॅसचा सिलिंडर उचलला आणि कुलपावर हाणायला सुरुवात केली. सुरक्षा समितीचा जुना माणूस, हिंदुराव, पुलावरून ते बघत होता. त्याने डोळ्यांवर हात घेतला. प्रत्येक ठोक्याला त्याचे खांदे दचकत होते.

कुलूप तुटलं. सगळे वर गेले. संध्याकाळी होडी आली आणि एकेकाला काढलं. माणूस एकही गेला नाही. बाकी सगळं गेलं. घरोघरी जे माळ्यावर ठेवून दिलं असतं तर वाचलं असतं, ते कागद, ते मिक्सर, ती पोरांची पुस्तकं, लोकांनी जपून, क्रमाने, शाळेत नेऊन बुडवलं होतं.

वजीरच्या दुकानात पाणी चढलं ते भिंतीवरच्या लाल रेघेपर्यंत. बरोबर रेघेपर्यंत. हिंदुरावांचं एवढं मात्र चुकलं नव्हतं.

चिखल काढताना गल्लीत कोणी नाल्याचं नाव घेतलं नाही. नाल्याला तोंड कुठे होतं, त्याच्यावर ओरडणार कसं? हिंदुरावांना तोंड होतं, ते रोज समोर दिसायचं.

"दादा," रणजीत एकदा म्हणाला, आणि या वेळी तो हसत नव्हता, "आमी तुमचं ऐकलं ना, तेच चुकलं."

"मी सांगितलं हुतं उजवीकडं."

"व्हय. सांगितलं हुतं. पण दादा, शिकवलं हुतं डावीकडं."

हिंदुरावांनी वजीरकडून ग्राइंडर मागून घेतला आणि म्हसोबापाशी बसून एक बाण घासायला घेतला. वजीरकडे तेव्हा मोटरींची रांग होती, सोसायट्यांचे पंप एकावर एक रचलेले. त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. तरी तो जाऊन वायर धरून उभा राहिला. चकती संपली. धूळ बसल्यावर पाहिलं तर बाणाचा वरचा खरखरीतपणा तेवढा गेला होता, आणि तो आता लांबूनही चमकत होता.

"पुरे," वजीर म्हणाला.

"दुसरी चकती हाय?"

"हाय. पण पुरे, हिंदुराव."

त्यांनी ग्राइंडर खाली ठेवला. मग म्हणाले, "अम्मी कशा हायेत?"

"पानदान गेलं म्हणून तुम्हाला शिव्या देतात."

"बरं हाय मग."

वजीर पुढे काही बोलणार होता. त्या दिवशी बांबू आपण घट्ट धरला, हे सांगायचं त्याच्या मनात होतं. पण हिंदुराव गुडघ्यांवर हात टेकून उठले, आणि त्यांच्या गुडघ्यांचा आवाज ऐकून त्याचं ते राहून गेलं.

दसऱ्याच्या आधी दिग्विजय टेम्पो घेऊन आला आणि आईवडिलांना चऱ्होलीला घेऊन गेला. हिंदुराव तिथे नवव्या मजल्यावर राहतात. रहमतबी अजून आहेत, त्याच खोलीत. गल्लीत बरेच नवे भाडेकरू आले आहेत. बाण अजून शाळेच्याच दिशेने आहेत. ते दुचाक्या लावण्यासाठी काढलेत असं भाडेकरूंना वाटतं, आणि ते त्यांवर दुचाक्या लावतात.